लोकगीतकाराचे काम आणि गाण्याचा व्यवहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर तालुक्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे, आणि त्याच्या जोडीने मी तमाशाच्या फडांसाठी (मंडळ्यांसाठी) गण (आरंभीचे गणेशवंदन), गवळण (कृष्ण-गौळणींचा भाग) व वगातील (तमाशातल्या नाट्यातील) पदे, शिवजयंतीसाठी पोवाडे आणि ग्रामदेवतांच्या यात्रांसाठी भक्तिगीते लिहितो. लिहू पाहणारी तरुण मुले-मुली, शाहिरी पथके आणि गाणी ध्वनिमुद्रित करून घेणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गाणे कसे घडते यावर मराठीत थोडेफार बोलले जाते. मात्र लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडते यावर फारच कमी बोलले जाते, म्हणून त्या भागाला येथे अधिक जागा दिली आहे.

लोकगीत तर लोकांचे असते; मग लोकगीतकार म्हणजे कोण?

जात्यावरची ओवी, भोंडल्याची गाणी, लग्नातली हळदीची गाणी यांचा कर्ता सापडत नाही, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या अनेक तोंडांतून घडत आली. त्यांच्याशेजारीच मराठीत दुसरी परंपरा आहे, जिच्यात घाट लोकांचा असला तरी कर्ता ज्ञात असतो. अफजलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा हा आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांतला सर्वांत जुना मानला जातो, आणि त्याच्या कर्त्याचे नाव आपल्याला माहीत आहे. पेशवाईतले राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, परशराम, होनाजी आणि सगनभाऊ, पुढे पठ्ठे बापूराव, आणि विसाव्या शतकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक हे सारे लोकांच्या चालीत आणि लोकांच्या भाषेत, पण स्वतःच्या नावाने लिहिणारे कवी होते. लोकगीतकार म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे हीच माणसे असतात. ‘लोकगीत’ हा शब्द पाहून एखादा निर्माता कर्त्याचे नाव गाळतो आणि ‘पारंपरिक’ असे छापून मोकळा होतो, तेव्हा तो या दुसऱ्या परंपरेवर अन्याय करतो.

आधी चाल सुचते की आधी शब्द?

बहुतेक वेळा आधी ठेका येतो. गवळण लिहायची असेल तर ढोलकीवर आठ मात्रांचा ठेका वाजवून घेतो, तुणतुण्याचा सूर सोबत ठेवतो आणि त्या ठेक्यात निरर्थक अक्षरे गुणगुणत राहतो. त्यातून ध्रुपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीची, लांबी ठरते. किती अक्षरांनंतर श्वास घ्यायचा, झीलकऱ्यांनी (मागे उभे राहून साथीला गाणाऱ्यांनी) कुठे उचल घ्यायची, शेवटचा स्वर कुठे सोडायचा हे कळल्याखेरीज मी शब्द लिहीत नाही. ध्रुपद बसले की पुढची कडवी तुलनेने लवकर होतात. ध्रुपदाला मात्र कधी कधी आख्खा श्रावण लागतो.

शब्द कुठून येतात हा त्याला लागून येणारा प्रश्न असतो. माझ्या बाबतीत ते दुकानाच्या गल्ल्यापलीकडून येतात. बियाणे घ्यायला आलेला शेतकरी पावसाविषयी, मजुरीविषयी, मुलीच्या लग्नाविषयी जे बोलतो त्यात आयती लय असते. करपलेले पान दाखवायला आलेल्या मावशी रोगाचे वर्णन ज्या शब्दांत करतात, ते कोणत्याही औषधाच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत. दुकानात एक वही कायम उघडी असते. उधारीच्या वहीशेजारीच ती ठेवलेली असते, आणि बोलणारा माणूस गेल्यावर त्याचे वाक्य मी तिच्यात जसेच्या तसे उतरवून ठेवतो. त्या वाक्याचे गाणे होईलच असे नाही. पण गाणे लिहायला बसल्यावर शब्द शोधण्याची वेळ येत नाही.

लिहिलेल्या ओळीवर पुढे काय काम होते?

एक उदाहरण देतो. एका वगासाठी टोमॅटोचा दर कोसळल्यावरचे पद हवे होते. पहिल्या मसुद्यातली ओळ अशी होती : ‘टोमॅटोला भाव नाही म्हणून शेतकरी दुःखी झाला.’ ओळ खरी होती, पण ती बातमी होती. शेतकरी दुःखी आहे हे कवीने सांगायचे नसते. प्रेक्षकाला ते दिसले पाहिजे. शिवाय ‘दुःखी’ हा शब्द वरच्या सुरात गाताना गळ्यात अडकतो. अखेरीस ओळ अशी झाली :

क्रेट मांडले बांधावरती, भाव उतरला बाजारी,
रात जागुनी दारे धरली, हाती उरली उधारी.

यात क्रेट, बांध, बाजार, रात्री वीज आल्यावर उठून पिकाला पाणी देणे हे सारे डोळ्यांपुढे येणारे आहे. ओळीचा शेवटचा आखूड तुकडा सोडला तर आठ-आठ मात्रांचे तुकडे पडतात, आणि दोन्ही ओळींचा शेवट दीर्घ ईकारावर होत असल्याने झीलकऱ्यांना तो ओढून धरता येतो. उघड्या मैदानात, मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचे असतील तर ओळीच्या शेवटी आ, ई, ए, ओ असे मोकळे स्वर हवेत. जोडाक्षरांची गर्दी आणि हलन्त (स्वर नसलेल्या व्यंजनाचा) शेवट यांनी कागदावर चांगली वाटणारी ओळ फडावर मरते.

शेवटची परीक्षा तालमीत होते. झीलकऱ्यांना ओळ एकदाच ऐकवायची आणि कागद न देता परत म्हणायला सांगायची. जो शब्द ते आपोआप बदलून म्हणतात, तो बहुधा बदलण्यासारखाच असतो. ढोलकीवाला आणि झीलकरी यांना मी माझे खरे संपादक मानतो, आणि त्यांनी सुचवलेला शब्द स्वीकारला तर त्यांना तसे सांगतो.

पोवाड्यासाठी वेगळी तयारी लागते का?

लागते, आणि ती बरीच मोठी असते. पोवाडा घटनेचा असतो, त्यामुळे दिवस, ठिकाण, माणसांची नावे आणि घटनांचा क्रम आधी पक्का करावा लागतो. शिवनेरी आमच्या तालुक्यात असल्याने १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीसाठी दरवर्षी नव्या पोवाड्याची मागणी येते, आणि ऐकणाऱ्यांत इतिहासाचे शिक्षक, गड पालथे घालणारी मुले, जुने वाचक असे सगळे असतात. दंतकथा सांगायची असेल तर ती दंतकथा म्हणूनच सांगावी, असा माझा आग्रह असतो.

रचनेच्या दृष्टीने पोवाडा चौकांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक चौकात एकच प्रसंग पुढे न्यायचा, मध्ये गद्याचा तुकडा ठेवायचा म्हणजे शाहिराला दम घेता येतो, आणि झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ची जागा अशी निवडायची की तिथे ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली गेली असेल. डफ आणि तुणतुण्यावर उभे राहून गाणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार लिहिणाऱ्यानेच करायचा असतो.

परंपरेतली चाल किंवा ओवी स्वतःच्या गाण्यात वापरली तर चालते का?

जुनी पारंपरिक चाल कोणा एकाच्या मालकीची नसते. गोंधळाच्या, भारुडाच्या, वाघ्या-मुरळीच्या जागरणाच्या चाली वापरायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही तुमच्या गाण्याच्या नोंदीत ‘चाल पारंपरिक’ असे स्पष्ट लिहा, कारण ती चाल तुमची म्हणून नोंदवली गेली तर उद्या ती गाणाऱ्या गोंधळ्यालाच तुमच्या नावाने अडवले जाऊ शकते. असे प्रकार यूट्यूबसारख्या ठिकाणच्या यंत्राधारित तपासणीमुळे घडतात, आणि ते फार लाजिरवाणे असतात.

ओव्यांच्या बाबतीत मी अधिक सावध असतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, आणि त्या संग्रहात ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदलेले आहे. ओवी परंपरेची असली तरी ती ज्या बाईने जपली, वाढवली, स्वतःच्या आयुष्याचा शब्द घालून गायली, तिचे ऋण गाण्यात किंवा कार्यक्रमात उच्चारले पाहिजे. शक्य असेल तर तिला पैसेही दिले पाहिजेत. कायदा सांगत नाही म्हणून हे टाळणे मला योग्य वाटत नाही.

गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर नवे शब्द लिहावेत का?

शिकताना लिहावेत. वामनदादा कर्डकांची गीतरचनाही १९४३ मध्ये एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरच्या विडंबनानेच सुरू झाली. ठरलेल्या चालीत शब्द बसवण्यासारखा सराव नाही. मात्रा, यती (ओळीतला विराम), श्वास यांचे भान त्यातून फार लवकर येते. आंबेडकरी जलशांनी आणि कलापथकांनी लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींचा उपयोग विचार पोहोचवण्यासाठी केला, आणि तो अत्यंत प्रभावी ठरला.

ध्वनिमुद्रण करून विकताना मात्र गोष्ट बदलते. भारतीय कायद्यात गाण्याचे शब्द, गाण्याची संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र मालमत्ता आहेत. शब्द तुमचे असले तरी चाल संगीतकाराची किंवा तिचे हक्क घेतलेल्या कंपनीची असते, आणि परवानगीशिवाय ते गाणे यूट्यूबवर टाकले तर त्याचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळू शकते किंवा गाणे काढून टाकले जाऊ शकते. मेहनत तुमची आणि पैसा दुसऱ्याचा, अशी ही परिस्थिती ओढवून घेऊ नये.

दुकान आणि लेखन यांची सांगड कशी घालता?

शेतीचे वर्ष आणि तमाशाचे वर्ष यांची मांडणी मला बऱ्यापैकी अनुकूल आहे. मेअखेरीपासून आषाढापर्यंत खरिपाची बियाणे आणि खते यांची गर्दी असते, तेव्हा मी गाण्याचा एकही नवा शब्द कोणाला कबूल करत नाही. श्रावणापासून गर्दी ओसरते. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि त्यापूर्वी तालमी होतात, त्यामुळे नवा वग आणि त्यातली पदे श्रावण-भाद्रपदात तयार झाली पाहिजेत. हाच माझा लिहिण्याचा मुख्य काळ आहे. अडचण येते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. रब्बीची खरेदी जोरात असते आणि त्याच सुमारास पहिल्या प्रयोगांनंतर फडमालकांचे बदलासाठी फोन येतात. त्या दिवसांत दुकान सकाळी कुटुंबातली माणसे पाहतात आणि मी ते तास लेखनाला देतो. पौष-माघात पोवाडे, आणि गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागून गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला, म्हणजे कार्यक्रम ठरवायला, येतात तेव्हा पुढच्या वर्षाच्या मागण्या कळतात.

पैशांच्या बाबतीत एक नियम मी कटाक्षाने पाळतो : गाण्याचे बँक खाते वेगळे. कृषी सेवा केंद्राचा धंदा उधारीवर चालतो, पीक विकले गेल्यावर वसुली होते, आणि कंपनीचे देणे मात्र ठरलेल्या तारखेला द्यावे लागते. अशा धंद्यात गाण्याचे पैसे मिसळले की ते खताच्या गोण्यांत जिरतात, आणि गाणे आपल्याला काय देते आणि काय खाते याचा हिशोबच लागत नाही. वेगळ्या खात्यातून वादकांना तालमीचे पैसे, ध्वनिमुद्रणाचे भाडे, प्रवास आणि पुस्तके यांचा खर्च होतो. वर्षाअखेरीस त्या खात्यात जे उरते, तेवढेच गाण्याचे उत्पन्न.

धंदा सोडून पूर्ण वेळ गाणे लिहावे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात अशी समजूत असते की धंदा करणारा कलावंत अर्धा कलावंत असतो. मराठी शाहिरीचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. होनाजी गवळ्याच्या घरातला, परशराम शिंपी, सगनभाऊ हत्यारांना धार लावणारा शिकलगार. त्यांच्या लावण्यांत कष्टाच्या, बाजाराच्या, घराच्या जगाचे जे तपशील येतात, ते त्या व्यवसायांत राहिल्यामुळेही आले असावेत असे मला वाटते.

दुसऱ्या बाजूला पठ्ठे बापूराव आहेत. १८६६ मध्ये रेठरे हरणाक्ष येथे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणून जन्मलेल्या या कवीने गावचे वतन, जात आणि प्रतिष्ठा बाजूला ठेवून तमाशाला सर्वस्व दिले. नर्तकी पवळाबाईंसोबतचा त्यांचा फड मुंबईत गाजला, त्यांच्या गण-गवळणींनी तमाशाचा घाट पक्का केला, आणि १९४५ मध्ये त्यांचा अंत विपन्नावस्थेत झाला. अण्णाभाऊंच्या अखेरच्या वर्षांतही दारिद्र्यच होते. या दोघांची थोरवी मी कोणापेक्षाही कमी मानत नाही, पण त्यांच्या हालांना कलेच्या निष्ठेचा पुरावा म्हणून मिरवणे मला मान्य नाही. त्यांच्या शब्दांवर इतरांनी पैसा मिळवला आणि त्यांच्यापर्यंत तो पोहोचवणारी व्यवस्था नव्हती, हे त्यातले खरे दुखणे आहे.

म्हणून माझे उत्तर असे आहे : गाण्याच्या वेगळ्या खात्यातून सलग काही हंगाम घरखर्च निघत असेल, आणि त्यात पाऊस किंवा आचारसंहिता यांमुळे कार्यक्रम रद्द झालेला एखादा वाईट हंगामही येऊन गेला असेल, तर विचार करावा. तोपर्यंत दुकान, नोकरी किंवा शेती असण्यात कोणताही कमीपणा नाही. घरभाड्याची चिंता नसलेला कवी नको ते काम नाकारू शकतो, आणि हे स्वातंत्र्य फार मोलाचे आहे.

गाण्याचे मानधन कसे ठरवावे?

फडासाठी, कार्यक्रमासाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी लिहिणे हे तीन वेगळे व्यवहार आहेत, आणि तिन्हींना एकच आकडा सांगणे चूक आहे. फडासाठी वग लिहिताना मी एका हंगामाच्या प्रयोगांपुरते मानधन घेतो. पुढच्या हंगामात तोच वग चालू राहिला तर पुन्हा रक्कम ठरते. एखाद्या पथकाला एका कार्यक्रमासाठी पोवाडा हवा असेल तर एकरकमी बिदागी घेतो आणि तो पोवाडा इतर पथकांना देण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतो. ध्वनिमुद्रणासाठी मानधन आणि रॉयल्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

विसार घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. ओळखीच्या माणसाकडून विसार मागायला संकोच वाटतो, आणि बहुतेक पैसे ओळखीच्याच माणसांकडे बुडतात. फडात कलावंत आणि मालक यांच्यात ‘उचल’ देण्याची रीत आहे. हंगामाआधी मोठी रक्कम घ्यायची आणि नंतर काम करून ती फेडायची. लिहिणाऱ्याने उचल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ऋणात असलेल्या कवीला वगातला एखादा हीन विनोद काढून टाका असे ठामपणे सांगता येत नाही.

लेखी करारात काय असावे?

तोंडी शब्दावर हक्क दिला जात नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचेच असावे लागते. कोणते गाणे, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि त्याचा मोबदला काय, हे त्या कागदावर हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नाही, आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर ते हक्क परत येतात. पुष्कळ लिहिणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नसते, आणि समोर आलेल्या कागदावर ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी, सर्व माध्यमांसाठी’ असे वाचूनही ते सही करतात.

पैसे दिले म्हणजे गाणे विकत घेतले, असाही एक समज रूढ आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिले असेल तर, उलट ठरलेले नसल्यास, मालकी नोकरी देणाऱ्याची असते. एरवी मानधन घेऊन लिहिलेल्या गीताचा पहिला मालक गीतकारच असतो. कंपनीचा कागद इंग्रजीत असेल तर जाणत्या वकिलाकडून त्याचा मराठी अर्थ लिहून घ्यावा आणि मगच सही करावी. त्याचे शुल्क एका गाण्याच्या मानधनापेक्षा जास्त वाटले तरी ते द्यावे.

रॉयल्टी म्हणजे नेमके काय, आणि ती खेड्यातल्या गीतकाराला मिळते का?

रॉयल्टी म्हणजे गाणे पुढे वापरले जाईल तेव्हा मिळणारा मोबदला. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने या बाबतीत मोठा बदल केला. गाण्याचे हक्क कंपनीला दिले तरी त्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकाराला आणि संगीतकाराला समान वाटा मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि तो सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारा गाण्याचा वापर तेवढा याला अपवाद आहे. वारसदार किंवा कॉपीराइट संस्था यांच्याशिवाय इतर कोणाला हा वाटा लिहून दिला असेल तर तो करार त्यापुरता निरर्थक ठरतो. ही तरतूद प्रत्येक लोकगीतकाराने तोंडपाठ करावी अशी आहे.

पैसे गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. रेडिओ, दूरचित्रवाणी, हॉटेले, कार्यक्रम आणि डिजिटल सेवा यांच्याकडून मिळालेले शुल्क ती सभासद गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना वाटते. मात्र त्यासाठी आधी सभासद व्हावे लागते आणि नंतर प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते. नोंद नसलेले गाणे गावोगावच्या मांडवांत वाजत राहिले तरी ते कोणाचे हे यंत्रणेला कळणार नाही. रक्कम सुरुवातीला किरकोळ असते. तरीही नोंद करावी, कारण तो हक्क तुमच्यानंतर ६० वर्षे घरच्यांकडे राहतो. अण्णाभाऊंचे निधन १९६९ मध्ये झाले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादांचे निधन २००४ चे, म्हणजे त्यांच्या अशा गीतांसाठी ही मुदत २०६४ अखेरपर्यंत जाते.

माझे गाणे दुसऱ्याने स्वतःच्या नावाने यूट्यूबवर टाकले तर काय करावे?

पुरावा आधीपासून तयार ठेवलेला असला पाहिजे. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्याक्षणीच हक्क निर्माण होतो. पण वाद झाला तर नोंदणीचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. त्याखेरीज तारखेसह वही, स्वतःलाच पाठवलेला ईमेल, तालमीतले ध्वनिमुद्रण, विसाराची पावती या साऱ्यांची मदत होते. यूट्यूबकडे हक्कभंगाची तक्रार करण्याची सोय आहे आणि ती विनामूल्य आहे. हक्क विकले असले तरी कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा आणि शब्दांची विटंबना थांबवण्याचा अधिकार कायद्याने कर्त्याकडेच ठेवला आहे, हेही लक्षात असू द्यावे.

तक्रारीपूर्वी एकदा फोन मात्र करावा. गावाकडच्या पुष्कळ पोरांना आपण काही चुकीचे करतो आहोत हेच माहीत नसते. नाव घालायला सांगितले की ती आनंदाने घालतात आणि पुढच्या गाण्यासाठी तुमच्याकडेच येतात.

कराचे काय?

लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणासाठी एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. ही सवलत सादर करणाऱ्या कलावंताला आहे, गीतलेखनाला नाही. माझ्यासारखा ज्याचा धंदा आधीच जीएसटीत नोंदलेला आहे, त्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : उलाढाल पॅनवर मोजली जाते, त्यामुळे गीतलेखनाचे उत्पन्न वेगळ्या खात्यात असले तरी ते त्याच नोंदणीत धरले जाते. हक्क कंपनीला दिल्यास काही प्रकरणांत कर भरण्याची जबाबदारी कंपनीवर येते. हे बारकावे कर सल्लागाराला दरवर्षी विचारावेत. मानधनातून कापलेला आयकर आपल्या पॅनवर खरोखर जमा झाला की नाही, हेही पाहत जावे.

वाढदिवसाची आणि निवडणुकीची गाणी लिहिता का?

वाढदिवसाची नाही. निवडणुकीची एके काळी लिहिली. आता लिहीत नाही. लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्या एका महिन्यात काहींचे वर्षभराचे घर चालते. अट एवढीच असावी की सगळे पैसे आधी घ्यावेत, आणि उमेदवाराच्या गुणवर्णनात आपल्याला जे खरे वाटत नाही ते लिहू नये. याउलट शेतमालाचा भाव, पाणी, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर संस्था गाणी मागतात तेव्हा मी आवर्जून लिहितो, आणि तिथेही मानधन घेतो. समाजकार्याच्या नावाखाली मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे दिले जातात आणि कवीला नारळ दिला जातो, ही रीत बदलायला हवी.

कार्यक्रमाच्या वेळेचा लेखनाशी काही संबंध असतो का?

थेट असतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर हा नियम वर्षभर लागू असतो. पूर्वी रात्रभर रंगणारा वग आता काही तासांत बसवावा लागतो. त्यामुळे गण छोटा झाला, बतावणी (वगाआधीचे विनोदी संवाद) आखडली, आणि पदांची कडवी कमी झाली. मी प्रत्येक पद दोन आकारांत लिहून देतो : एक पूर्ण आणि एक आखूड. कडवे गाळायचे असेल तर ते कोणते, हे फडमालकाने घड्याळ पाहून ठरवण्यापेक्षा कवीने आधीच ठरवलेले बरे.

शेवटच्या कडव्यात कवीचे नाव घालण्याची रीत पाळावी का?

अवश्य पाळावी. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या लावण्यांपर्यंत शेवटी कर्त्याची नाममुद्रा येते, आणि छापखाना नसलेल्या काळात याच मुद्रेने कर्तृत्व टिकवले. होनाजी आणि त्यांचा गायक-साथीदार बाळा यांचे उदाहरण मला फार प्रिय आहे : रचना एकाची, गळा दुसऱ्याचा, आणि लोकांच्या तोंडी दोघांचे मिळून एकच नाव ‘होनाजी बाळा’. गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला एकाच श्वासात मान देणारी ही जुनी रीत आजच्या श्रेयनामावलीपेक्षा किती तरी पुढची आहे.

आज ध्वनिमुद्रण करताना वेळ वाचवायला नेमके हेच कडवे गाळतात. म्हणून मी नाममुद्रा आता शेवटच्या कडव्यात न ठेवता, जमेल तिथे मधल्या कडव्यात गुंफतो, आणि ती गाळली तर अर्थ तुटेल अशी तिची जोडणी करतो.

नव्याने लिहू लागलेल्याने सुरुवात कशी करावी?

आधी झील धरावी. एखाद्या पथकात किंवा भजनी मंडळात वर्षभर मागे उभे राहून गायल्याखेरीज ओळ कुठे तुटते ते कळत नाही. जवळ ढोलकी शिकवणारे कोणी असेल तर ठेके शिकावेत, वाजवता आले नाही तरी हातावर धरता आले पाहिजेत. जुन्या शाहिरांच्या रचना वाचण्यापेक्षा मोठ्याने म्हणून पाहाव्यात. लिहिलेले प्रत्येक पद तारीख, चाल, ठेका आणि कोणासाठी लिहिले या चार नोंदींसह वहीत उतरवावे आणि त्या वहीचे फोटो घरातल्या दुसऱ्या एका माणसाच्या फोनमध्येही ठेवावेत. पहिले मानधन कितीही लहान असले तरी त्याची पावती घ्यावी, आणि तिच्यावर गाण्याचे ध्रुपद लिहून घ्यावे, म्हणजे ते पैसे कोणत्या गाण्याचे होते याबद्दल पुढे वाद राहत नाही.